लोकल गार्डियन म्हणून सही करण्याआधी

हॉस्टेलच्या फॉर्मवर आई-वडिलांच्या रकान्याखाली ‘लोकल गार्डियन’ असा एक रकाना असतो, आणि जून आला की तो भरायला जळगाव-धुळे-नाशिककडच्या मंडळींना आपण बडोदेकर आठवतो. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात हे पूर्वापार चालत आलंय. आधी सासूबाई सह्या करायच्या, आता मी करते. कुणाची मी मावशी, कुणाची मामी, आणि ज्यांना नातं लावताच येत नाही त्यांची काकू. यंदा तुमच्याकडे पहिल्यांदाच असा फोन आला असेल, तर हो म्हणण्याआधी एवढं वाचा.

पहिली गोष्ट, मूल अठरा वर्षांचं झालं असेल तर कायद्यानं ते सज्ञान आहे. तुमच्या सहीनं ते तुमच्या ताब्यात येत नाही. हॉस्टेलला तुमच्याकडून साधारण तीन गोष्टी हव्या असतात: रात्री-बेरात्री उचलला जाईल असा फोन, आजारपणात येऊन उभं राहील असं माणूस, आणि रात्री बाहेर राहायचं असेल तेव्हा परवानगीच्या अर्जावर सही. तरीही फॉर्म नीट वाचा. काही ठिकाणी नुकसानभरपाईची किंवा थकलेल्या फीची जबाबदारीही बारीक अक्षरात तुमच्या नावावर टाकलेली असते. तसं असेल तर मुलाच्या वडिलांना सांगा, ‘पैशाच्या ओळीवर सही तुमची.’

आणि कोऱ्या अर्जांवर सह्या करून ठेवू नका. मुलं फार गोड बोलून मागतात.

दुसरं, सही करण्याआधी आई-वडील आणि मूल दोघांना एकाच फोनवर घ्या आणि कुठली बातमी घरी जाईल, कुठली जाणार नाही, हे ठरवून टाका. माझा नियम मी मुलांसमोरच सांगते: तब्येत गंभीर झाली, पोलिसांचा संबंध आला किंवा परीक्षेला बसू देणार नाहीत अशी वेळ आली, तर मी घरी कळवणार. कमाटीबागेत कुणाबरोबर दिसली, केस कुठल्या रंगाचे केले, हे मी कळवणार नाही. बडोदं एवढंसं आहे, कुणी ना कुणी येऊन सांगतंच. ते ऐकायचं आणि चहा पुढे करायचा. आईला हे पटत नसेल तर तिनं दुसरा गार्डियन बघावा. एकदा का तुम्ही हेर आहात असं मुलाला वाटलं, की ताप १०३ वर गेला तरी ते तुम्हाला फोन करणार नाही. मग त्या सहीला काय अर्थ?

मी प्रत्येक मुलाचं एक पातळ प्लास्टिकचं फोल्डर करते. आधार कार्डाची झेरॉक्स, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, दमा किंवा फिट्सचा त्रास आहे का, विम्याचं किंवा आयुष्मान कार्ड, वॉर्डनचा नंबर. आणि सगळ्यात कामाचा नंबर रूम पार्टनरचा. मूल जेवतंय का, झोपतंय का, हे वॉर्डनला उशिरा कळतं, आई-बापाला त्याहून उशिरा. शेजारच्या कॉटवरच्या मुलीला त्याच दिवशी कळलेलं असतं. पहिल्याच भेटीत पार्टनरलाही घरी बोलवा आणि तिच्या देखत नंबर लिहून घ्या.

पहिले आठ दिवस

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, युनिव्हर्सिटी म्हणजे एक मोठं फाटक आणि आत सगळं. आपली एम. एस. युनिव्हर्सिटी तशी नाही. १९४९ साली ती झाली तेव्हा गावात आधीपासून असलेल्या संस्था तिच्यात आल्या. मोठ्या घुमटाची आर्ट्सची इमारत ही १८८१ च्या बडोदा कॉलेजची. इंजिनियरिंगवाले कलाभवनात, म्हणजे आमच्या दांडिया बाजाराच्या बाजूला. गाणं-नाच-नाटकवाले सूरसागरजवळ. त्यामुळे ‘युनिव्हर्सिटीपाशी भेटू’ या वाक्याला इथं अर्थ नाही. एक दिवस मुलाबरोबर स्वतः फिरा: हॉस्टेल, त्याची फॅकल्टी, फी भरायची खिडकी, हंसा मेहता लायब्ररी, हेल्थ सेंटर, एक रात्री उघडं असणारं मेडिकल. मुलगी असेल तर जाता जाता सांगून टाका, की लायब्ररीला जिचं नाव आहे ती बाई या युनिव्हर्सिटीची पहिली कुलगुरू होती. माझ्या एका भाचीला ते इतकं आवडलं की तिनं घरी फोन करून आजीला सांगितलं.

स्टेशनवर सयाजीगंजच्या बाजूनं बाहेर पडायचं, अलकापुरीच्या नाही, हे सुरतवरून ताप्ती लाइननं येणाऱ्या मुलांना आधीच सांगा. अलकापुरीच्या बाजूला उतरलं की गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यातून, यावं लागतं, आणि जोराचा पाऊस झाला की तेच आधी भरतं.

कागदांचं म्हणाल तर महाराष्ट्र बोर्डातून आलेल्यांचा घोळ बहुतेक मायग्रेशन सर्टिफिकेटवर होतो. ते घरूनच काढून आणायला सांगा. मूळ कागद कुणाच्याही हातात पावतीशिवाय द्यायचे नाहीत. अनुसूचित जातीच्या मुलांची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्याकडून मिळते. तेव्हा जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला तालुक्याच्या गावाहून निघण्यापूर्वी हातात हवा. इथं आल्यावर त्यासाठी पुन्हा तहसील कचेरी गाठायची म्हणजे आठवडा गेला.

मुलांना, आणि हल्ली मुलींनाही, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायची गोष्ट म्हणजे गुजरातेत दारूबंदी आहे आणि ती कायद्यातली बंदी आहे. नंदुरबारहून बॅगेत एक बाटली टाकून आणणं ही गंमत नाही, गुन्हा आहे. माझ्या समोर बसलेल्या मुलाला मी लाजत नाही, सरळ सांगते. त्याचे कान लाल होतात, ते होऊ देत.

हॉस्टेल मिळालं नाही तर

जागा थोड्या, मुलं फार. मग फतेगंज, निझामपुरा, प्रतापगंज इथं पीजी शोधायचं. इथं गार्डियननं बरोबर गेलंच पाहिजे, कारण एकट्या मुलाला जे विचारतात ते तुमच्यासमोर विचारताना मालक जरा अडखळतो. आडनाव विचारतात, मग ‘कोणते?’ विचारतात. मांसाहाराचा नियम आधी सांगितला तर तो पाळायचा की दुसरी जागा बघायची, हे मुलानं ठरवावं. पण जात विचारली की मी तिथून उठते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून १९१७ साली इथल्या नोकरीवर हजर व्हायला आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना याच गावात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. तिथं आता त्यांचं स्मारक आहे. मी नव्या मुलांना बाग दाखवायला नेते तेव्हा झूलॉजिकल गार्डनच्या आधी तिथं नेते.

जागा ठरली की करार लेखी हवा, डिपॉझिटची पावती हवी, पोलीस व्हेरिफिकेशन मालकानं करून घ्यायला हवं. किती दिवस आधी सांगून खोली सोडता येईल ते लिहून घ्या. आणि खोली कुठल्या मजल्यावर आहे ते बघा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं आणि नदीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको. तळमजला स्वस्त मिळतो तो उगाच नाही. तळमजलाच घ्यावा लागला तर मुलाला सांगून ठेवा: आजवा तलावाचं पाणी वाढल्याची बातमी आली की सर्टिफिकेटं, लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन आपल्याकडे यायचं, गुडघाभर पाणी यायची वाट बघत बसायचं नाही.

ताप आला की

पावसाळा सरताना, गणपतीपासून दिवाळीपर्यंत, आमचा फोन तापासाठी वाजतो. मूल म्हणतं, ‘काही नाही मावशी, जरा कणकण आहे.’ तेव्हा चारच प्रश्न विचारा: थर्मामीटर लावलास का, किती आला, पाणी पितोयस का, लघवीला शेवटचं कधी गेलास. शेवटच्या प्रश्नाला मुलं हसतात, पण उत्तर देतात. या दिवसांत डेंग्यूची शंका धरूनच चालायचं. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही मापात. आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिनच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासायचं. आणि हे लक्षात ठेवा, की डेंग्यूत खरी काळजीची वेळ ताप उतरायला लागतो तेव्हाची. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि दवाखाना.

सयाजी हॉस्पिटल सरकारी आहे, गर्दी आहे, पण इमर्जन्सी चोवीस तास चालू असते. आधारची झेरॉक्स, सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर घेऊन जा. केसपेपर काढायला एक माणूस आणि पेशंटजवळ बसायला एक, अशी दोन माणसं लागतात. इथं तो रूम पार्टनरचा नंबर कामी येतो. डॉक्टर तपासायला आले की मुलीला विचारा, ‘मी थांबू की बाहेर जाऊ?’ ती बाहेर म्हणाली तर पडद्याच्या बाहेर जायचं. मामी समोर असताना अठरा वर्षांची मुलगी पाळी चुकली आहे का याचं खरं उत्तर देईलच असं नाही, आणि डॉक्टरला खरं उत्तर हवं असतं.

घरी कधी कळवायचं? रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर, मुलाच्याच फोनवरून, मुलानं. आईनं तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मग फोन घ्या. रात्री अकरा वाजता ‘जरा बरं नाहीये’ एवढंच सांगून लांब गावी असलेल्या माणसांची झोप उडवू नका.

जेवायला बोलावण्याची रीत

‘कधीही ये हं’ या आमंत्रणाला कुणी येत नाही. वार ठरवा. आमच्याकडे महिन्यातले दोन रविवार मुलांचे. खानदेशातल्या मुलांना मेसची गोड डाळ पहिले पंधरा दिवस सहन होते, मग ती मिरचीसाठी कासावीस होतात. शेवभाजी, भाकरी, ठेचा एवढ्यावर भागतं. बडोद्याची शेवउसळ त्यांना आवडते, पण तिला ती शेवभाजी मानत नाहीत, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

जेवताना अभ्यासाचं विचारू नका. जेवणाआधी हातात काम द्या. कलाभवनातला एक मुलगा होता, दुसऱ्या वर्षाचा, भुसावळकडचा. आला की सोफ्यावर बसून फोन बघायचा, ‘सगळं मस्त’ म्हणायचा. एकदा त्याला मेथीची जुडी दिली आणि ओट्याशी स्टुलावर बसवलं. पानं खुडायची की देठांसकट घ्यायची, इथपासून सुरुवात झाली. अर्धी जुडी झाल्यावर खाली मान घालूनच म्हणाला, ‘मावशी, दोन विषयांत एटीकेटी लागलीय. बाबांना निकाल लागला नाही असं सांगितलंय.’ मी फोडणीचं तेल तापत ठेवलं होतं, तो गॅस बारीक केला आणि एवढंच विचारलं, की परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे. त्याला माहीत नव्हती. त्याच्याच फोनवर बघायला लावली. तारीख जवळ आली होती. सोमवारी फॉर्म भरून आला, मग बुधवारी त्यानंच बाबांना फोन केला. फॉर्म भरल्याची पावती हातात असताना ती बातमी सांगणं त्याला सोपं गेलं, आणि ऐकणाऱ्यालाही. समोरासमोर बसवून ‘काय चाललंय तुझं?’ विचारलं असतं तर ‘मस्त’ याच्यापलीकडे काही निघालं नसतं.

मूल गप्प झालं तर

ठरलेल्या रविवारी न येणं, एकदा ठीक. दोनदा, आणि फोनही नाही, तर पार्टनरला विचारा. आंघोळ करत नाही, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, मेसला जात नाही, वस्तू वाटून टाकतोय, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलतोय: यातलं काही कळलं तर रविवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. जाताना डबा घेऊन जा म्हणजे जायला कारण होतं.

विचारायचं ते सरळ विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हा प्रश्न विचारल्यानं मुलाच्या डोक्यात ते भरवलं जात नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच मोकळेपण वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. वॉर्डनला आणि आई-वडिलांना त्याच वेळी कळवा. मी वर सांगितलेला घरी कळवायचा नियम इथं लागू होतो, आणि मुलालाही ते आधीपासून माहीत असतं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं. हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या समुपदेशकाचा पत्ता मागा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असायला हवा, तेव्हा ‘आमच्याकडे तसं काही नाही’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारं एकही वाक्य त्या दिवशी बोलायचं नाही. देवाचं करायला सांगायचं असेल तर पुढच्या महिन्यात सांगा.

तक्रार असेल तर कागदावर

आपल्या लोकांची एक खोड आहे: काही झालं की ओळखीच्या प्रोफेसरांना फोन. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घराची युनिव्हर्सिटीत ओळख असतेच. पण तोंडी शब्दानं काम झालं नाही तर हातात काही उरत नाही, आणि झालं तर मुलावर वशिल्याचा शिक्का बसतो. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, तारखेसकट फोटो काढून ठेवा. निकाल, फी, कागद अडवणं अशा तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर समाधान झालं नाही तर युनिव्हर्सिटीच्या लोकपालाकडे जाता येतं.

रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. नाव न सांगताही तक्रार घेतात. ‘इंट्रो घेतला’ असं मूल हसत हसत सांगत असेल तर पुढचा प्रश्न विचारा: किती वाजता, आणि तू नाही म्हणू शकला असतास का? लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी आणि साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. ती करायची की नाही हे मुलीनं ठरवायचं. तुम्ही बरोबर बसून तारखा आणि मेसेज नीट लावून द्या. रस्त्यात, रात्री, लगेच मदत हवी असेल तर गुजरातेत १८१ अभयम् ही महिला हेल्पलाइन.

सणावाराचं थोडक्यात. गणपतीत आरतीला बोलवा, मुलं आपोआप पाट उचलायला येतात. नवरात्रात हॉस्टेलच्या वेळा बदलतात का ते वॉर्डनला आधीच विचारा. गरबा बघायचा तर फाइन आर्ट्स फॅकल्टीचा एकदा तरी बघू दे, पण परत कशानं आणि कुणाबरोबर येणार हे ठरल्याशिवाय नाही. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवसांत दुचाकी चालवायचीच असेल तर गळ्याला जाड मफलर. मांज्यानं गळा कापतो. आणि त्या दिवसांत मेस बंद असेल तर आपल्या गच्चीवर बोलवा, उंधियु जास्तीचं आणा.

शेवटच्या वर्षी परीक्षा संपली की मुलं सामान बांधून पसार होतात आणि नो-ड्यूज राहून जातं. लायब्ररी, लॅब, हॉस्टेल, मेस, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय डिपॉझिट परत मिळत नाही, म्हणून डिपॉझिटची पावती पहिल्या दिवसापासून तुमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि शेवटच्या पेपरच्या आधीच त्यांच्या हातात द्या. जाताना ते म्हणतील, ‘काकू, गादी तुमच्या माळ्यावर ठेवू का, पुढच्या महिन्यात नेतो.’ नाही म्हणा. आमच्या माळ्यावर तीन गाद्या, एक टेबल फॅन आणि ड्रॉइंग बोर्ड पडून आहेत, आणि त्यांचे मालक आता पुण्यात नोकरीला आहेत.